आधी रस्ता मोजा, मग भिंत ओता

समजा, बुटीबोरीच्या एखाद्या शेडमध्ये घराच्या भिंती ओतल्या जात आहेत आणि घर उभं राहायचंय नागपुरात, महालातल्या एका गल्लीत. अंतर जेमतेम ३० किलोमीटर. पण भिंत केवढी असावी हे या ३० किलोमीटरवरच ठरतं. आर्किटेक्टची पेन्सिल त्यानंतर चालते.

आपल्याकडे मालवाहू गाडीची रुंदी नियमाने २.६ मीटर. सव्वातीन मीटर रुंदीची खोली अख्खी न्यायची तर ‘ओडीसी’चा, म्हणजे मापाबाहेरच्या मालाचा, वेगळा परवाना लागतो. शिवाय अख्खी खोली नेणं म्हणजे बरीचशी हवाच वाहून नेणं. म्हणून भिंती सुट्या न्याव्यात आणि जागेवर जोडाव्यात.

३ मीटर लांब, ३ मीटर उंच आणि १५ सेंटिमीटर जाड भिंत घ्या. काँक्रीट घनमीटरला सुमारे २४०० किलो भरतं, म्हणजे ही एक भिंत सव्वातीन टनांची. ट्रेलर २५ टन नेणारा असेल तर हिशेबाने सात भिंती बसतात. नेतात मात्र सहाच. कारण भिंती निजवून नेत नाहीत. दोन्ही बाजूंनी उतरत्या लोखंडी घोडीला टेकवून उभ्या नेतात, इकडे तीन, तिकडे तीन. उतरवतानाही एक इकडची, एक तिकडची. एकाच बाजूच्या तिन्ही काढल्या तर जवळजवळ दहा टन एका अंगाला उरतात आणि ट्रेलर कलंडू शकतो.

उभ्याच का? काँक्रीट दाबाला पक्कं, ताणाला कच्चं. ताण सोसायची त्याची ताकद दाबाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढीच. निजवलेल्या भिंतीला खड्ड्याचा दणका बसला की ती वाकते, खालच्या अंगाला ताण येतो आणि भेग पडते. घरात उभी राहिल्यावर असा प्रसंग तिच्यावर क्वचितच येईल. साच्यातून निघताना आणि रस्त्यावरच तिची खरी परीक्षा होते, आणि मला या कामातली ही गोष्ट सगळ्यात विलक्षण वाटते.

खांब मात्र निजवूनच न्यावे लागतात. १० मीटरचा खांब दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवायचाय. ठोकळे अगदी टोकांना ठेवले तर खांब मधोमध सर्वाधिक वाकतो. तेच ठोकळे दोन्ही टोकांपासून सुमारे २.०७ मीटर आत घेतले, की बाहेर लोंबणारी टोकं मधल्या भागाला तोलून धरतात आणि वाकवणारा जोर जवळजवळ सहाव्या हिश्शावर येतो. जास्तीची सळई नाही, सिमेंट नाही, फक्त ठोकळा सरकवायचा! आधाराला म्हणून मधे तिसरा ठोकळा घालायचा मोह होतो, तो टाळावा. ट्रेलरचा तळ जरा हलला की सगळा खांब त्या एकट्या मधल्या ठोकळ्यावर तोलला जातो आणि वरच्या अंगाला फाटतो.

वर्धा रोडवर फारसं काही अडत नाही. अडतं ते वळणावर. ट्रेलरची मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग जात नाहीत, आतून कापत जातात. पुढचा जोड, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला जिथे जोडलेला असतो ती जागा, १२ मीटर त्रिज्येने फिरत राहिला आणि मागची चाकं त्यापासून ८ मीटरवर असली, तर पायथागोरसच्या नियमाने ती सुमारे ९ मीटर त्रिज्येवर येतात. म्हणजे आतल्या बाजूचा ३ मीटर रस्ता खाल्ला. महालात तेवढ्यात कुणाचा तरी ओटा लागतो. तिथे लहान ट्रकच जाणार, आणि भिंतही त्याच मापाने ओतायची.

भरतानाचा क्रम उलटा. जी भिंत आधी उभी करायची, ती शेवटी चढवायची. तीही क्रेनच्या जवळ यायला हवी, कारण तेच वजन ६ मीटरऐवजी १२ मीटरवर उचललं तर क्रेनला उलथवणारा जोर दुप्पट होतो. हा सगळा भार क्रेनच्या चार पायांमधून जमिनीत जातो, आणि प्लॉटवर काळी माती असेल तर पावसाळ्यात ती फुगून लोण्यासारखी मऊ होते. त्यामुळे मृगाआधीच मुरूम दाबून घ्यावा आणि पायांखाली जाड फळ्या टाकाव्यात. ते झालं नसेल तर बुटीबोरीहून गाडी सोडूच नये. भरलेली गाडी गल्लीच्या तोंडाशी अडकली की क्रेनचं भाडं चालूच राहतं, आणि मागून निघालेल्या गाडीला वळायलाही जागा उरत नाही.