कच्ची शिट्टी आणि झुकलेली शिट्टी: रेफरीची चूक कुठली, पक्षपात कुठला?

सावंतवाडी-मालवणच्या बाजूला फुटबॉलच्या मैदानाकडेला उभं राहिलं, की पहिल्या वादाच्या शिट्टीला कानावर येतं, "रेफरीक फोडल्यानी रे!" वसईत बोली बदलते, पण आरोप तोच: सेटिंग. रात्री साडेबाराला मोबाइलवर युरोपातली मॅच बघणारी पोरंही हाच शब्द वापरतात. यामागचा राग खरा आहे. महिनाभर घाम गाळलेल्या संघाचा चांगला गोल एका चुकीच्या झेंड्याने जातो, तेव्हा राग यायलाच हवा. पण 'सेटिंग' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. रेफरीचा दर्जा कमी असणं ही एक आणि त्याचं मन एका बाजूला झुकलेलं असणं ही दुसरी. दोन्हींच्या खुणा वेगळ्या, उपाय तर त्याहून वेगळे. कच्च्या रेफरीला विकाऊ म्हटलं की तो पुढच्या वर्षी शिट्टी हातात घेत नाही. आणि जो खरोखर झुकलेला असतो तो 'माणूस आहे, चुकायचाच' या वाक्याआड सुटतो.

आधी दोन्ही प्रकारांची स्वच्छ उदाहरणं घेऊ.

३० सप्टेंबर २०२३, इंग्लंडची प्रीमियर लीग, टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल. लिव्हरपूलच्या लुईस डियाझने गोल केला, मैदानावर ऑफसाइड दिला गेला, म्हणजे पास सुटताना तो शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या पुढे होता असं ठरवलं. व्हीएआरच्या, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणाऱ्या पंचांच्या, खोलीत चित्र तपासलं तर डियाझ ऑनसाइड होता. पण मैदानावर गोलच दिला आहे अशा समजुतीने तिथल्या पंचाने 'तपासणी पूर्ण' असं कळवलं. मैदानावर त्याचा अर्थ झाला, ऑफसाइड कायम. चूक काही सेकंदांत लक्षात आली, पण तोवर खेळ सुरू झाला होता, आणि एकदा खेळ सुरू झाला की नियम मागे जाऊ देत नाही. लिव्हरपूल २-१ ने हरलं. पंचांच्या संस्थेने चूक जाहीरपणे मान्य केली. 'मैदानावरचा निर्णय काय आहे?' हा एक प्रश्न आधी विचारला असता तर गोल वाचला असता. ही कच्ची शिट्टी.

दुसरं उदाहरण ऑगस्ट २००४ मधलं, जर्मन कपचं. तिसऱ्या स्तरावरच्या पाडरबोर्नविरुद्ध बुंडेसलिगातला, म्हणजे सगळ्यात वरच्या स्तरावरचा, हॅम्बुर्ग २-० पुढे होता. मग पाडरबोर्नला दोन पेनल्टी मिळाल्या, हॅम्बुर्गच्या एका आक्रमकाला वाद घातला म्हणून लाल कार्ड मिळालं आणि पाडरबोर्न ४-२ ने जिंकलं. पुढे २००५ च्या सुरुवातीला रेफरी रॉबर्ट होयझरने सट्टेवाल्यांकडून पैसे घेतल्याची कबुली दिली. त्याला २ वर्षं ५ महिन्यांची शिक्षा झाली.

या दोन सामन्यांतला फरक नीट बघा. प्रीमियर लीगमधली चूक इतकी ढळढळीत की साऱ्या जगाला दिसली. होयझरचे निर्णय मात्र 'देताही येतं, नाकारताही येतं' अशा जातीचे होते. पेनल्टी बॉक्समधली ओढाताण, तोंडी वादाबद्दलचं कार्ड. झुकलेला रेफरी चेंडू गोलरेषेच्या आत गेलेला असताना 'गोल नाही' म्हणायला शक्यतो जात नाही. तो नियमांत जिथे 'रेफरीच्या मते' असं लिहिलेलं आहे तिथे काम करतो: ॲडव्हान्टेज द्यायचा (फाउल होऊनही खेळ चालू ठेवायचा) की शिट्टी मारायची, दुसरं पिवळं कार्ड काढायचं की नुसतं दटावायचं, भरपाईची वेळ दोन मिनिटं की पाच. म्हणून सगळ्यात हास्यास्पद दिसणारा निर्णय हा पक्षपाताचा पुरावा बहुधा नसतो. तो बहुतेक वेळा चुकीच्या जागी उभं राहिल्याचा पुरावा असतो.

जागेचं गणित आपल्याकडच्या मैदानांवर फार महत्त्वाचं आहे. कडेने झेंडा घेऊन ऑफसाइड बघणारा सहायक शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या अगदी रेषेत हवा. तो दोन मीटर मागे, म्हणजे मध्यरेषेकडे राहिला, तर त्याच्या जवळच्या बाजूचा आक्रमक खोटाच पुढे दिसतो आणि पलीकडच्या बाजूचा खोटाच बरोबरीत. डोळ्यांत दोष नसतो, कोन चुकलेला असतो. त्यात आपल्या किनाऱ्यावर समुद्र पश्चिमेला. मैदान दक्षिण-उत्तर आखलेलं असेल तर पूर्वेच्या टचलाइनवरचा (मैदानाच्या लांब कडेच्या रेषेवरचा) सहायक सगळा वेळ पश्चिमेकडे बघतो. जानेवारीत साडेचारला सामना सुरू केला तर उत्तरार्धात सूर्य थेट त्याच्या डोळ्यांत. हा सहायक मैदानाचा एकच अर्धा भाग सांभाळतो. समजा दक्षिणेचा. पूर्वार्धात त्या गोलवर एक संघ चाल करतो, तेव्हा उन्हं अजून वर असतात. बाजू बदलल्या की दुसरा संघ तिथे येतो आणि नेमका त्याच्या चालींवर डोळे दिपलेल्या माणसाचा झेंडा वर जातो. त्या संघाच्या पाठीराख्यांना वाटतं, मध्यंतरात पैसे पोचले. खरं कारण मावळतीचा सूर्य. उपायही सोपा: सामना अर्धा तास लवकर लावा, किंवा दोघांतला अनुभवी सहायक पूर्वेच्या बाजूला ठेवा.

फक्कीचंही तेच. पावसात लाल मातीवरची पांढरी रेघ मध्यंतरापर्यंत चिखलात विरते. मग फाउल पेनल्टी बॉक्सच्या आत झाला की बाहेर, हे रेफरी अंदाजाने ठरवतो. मध्यंतरात पुन्हा फक्की मारायला एक माणूस लागतो, तेवढा माणूस आयोजकांनी ठेवलाच पाहिजे. आणि सहायकच नसतील तर ऑफसाइडबद्दल तक्रार करण्यात काही अर्थ उरत नाही. मधल्या वर्तुळाजवळून एकट्याला ते दिसूच शकत नाही.

आता या दोन टोकांमधला भाग. पैसे घेतलेले नाहीत, नातं नाही, तरी शिट्टी एका बाजूला कलते. हे गर्दीमुळे होतं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका इंग्लिश प्रयोगात ४० रेफरींना एकाच सामन्यातले ४७ प्रसंग दाखवले, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. स्पॅनिश लीगवरच्या २००५ च्या अभ्यासात दिसलं की यजमान एका गोलने मागे असला की भरपाईची वेळ वाढते, पुढे असला की आखडते. हा रेफरी चोर नाही. पण अन्याय तर होतोच, आणि पाहुण्या संघाने तो मुकाट गिळायचं काही कारण नाही. प्रेक्षकांची दोरी टचलाइनपासून तीन-चार मीटर मागे बांधणं आणि सहायकाच्या मागे कुणाला उभं न राहू देणं, एवढ्यानेही खूप फरक पडतो.

कुठली शिट्टी कच्ची आणि कुठली झुकलेली, हे एका सामन्यावरून सांगता येत नाही. वही लागते. प्रत्येक वादाच्या निर्णयाला एक ओळ: मिनिट, जागा, रेफरी कुठे होता, मध्ये कोण होतं, निर्णय कुणाच्या बाजूने. उदाहरणार्थ: '५८. बॉक्सच्या डाव्या कोपऱ्यात पाय अडकला. रेफरी मधल्या वर्तुळाच्या कडेला, ३५ मीटर. मध्ये तीन खेळाडू. फाउल नाही.' ही ओळ वाचली की कळतं, त्याला दिसलंच नसावं. अट एकच, आपल्या फायद्याचे चुकलेले निर्णयही लिहायचे. तेच रेफरी चार-पाच सामन्यांत बघा. कच्च्या रेफरीच्या चुका दोन्हीकडे विखुरतात, दमल्यावर वाढतात, लांबच्या जागी जास्त होतात. झुकलेल्याच्या चुका जवळून, मोकळी नजर असतानाही होतात, आणि गुणफलक हलणार असतो तेव्हाच होतात. नुसते फाउल मोजून मात्र फसगत होते. जो संघ सतत बचाव करतो त्याचे फाउल जास्त भरणारच. त्यापेक्षा सारख्याच फाउलला एकाला कार्ड आणि दुसऱ्याला समज मिळते का, ते बघा.

तक्रार करताना आणखी एक भेद कामाला येतो, आणि तो फार थोड्या संघांना माहीत असतो. निर्णय चुकणं वेगळं, नियम चुकणं वेगळं. फुटबॉलच्या पाचव्या नियमानुसार खेळातल्या घटनांबद्दल रेफरीचा निर्णय अंतिम. फाउल होता की नव्हता, यावर प्रोटेस्ट टिकत नाही. ३ मार्च २०२३ ला इंडियन सुपर लीगच्या सामन्यात बंगळुरूत यजमान संघाच्या सुनील छेत्रीने झटपट फ्री किकवर गोल केला आणि केरळ ब्लास्टर्सने मैदान सोडलं. शिट्टीची वाट पाहा असं रेफरीने बजावलेलं नसेल तर अशी फ्री किक घेता येते. तसं बजावलं होतं की नव्हतं, हा घटनेचा प्रश्न. त्यांचा प्रोटेस्ट फेटाळला गेला, वर ४ कोटी रुपये दंड आणि प्रशिक्षकावर १० सामन्यांची बंदी.

याउलट ३ सप्टेंबर २००५, उझबेकिस्तान विरुद्ध बहरीन, वर्ल्ड कपची पात्रता फेरी. उझबेकिस्तान १-० पुढे असताना त्यांनी पेनल्टीवर गोल केला, पण त्यांचाच एक खेळाडू आधी बॉक्समध्ये घुसला होता. नियमाप्रमाणे पेनल्टी पुन्हा घ्यायची. रेफरीने बहरीनला फ्री किक दिली. ही नियमाची चूक, म्हणून फिफाने सामना पुन्हा खेळवला. तो १-१ सुटला, परतीचा सामना ०-० झाला आणि परक्या मैदानावरच्या गोलच्या जोरावर बहरीन पुढे गेलं (दोन्ही सामन्यांचे गोल सारखे झाले की परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे जायचा). तक्रार उझबेकिस्तानची होती, तीही ३-० विजय मिळावा म्हणून केलेली. म्हणून पुढे असलेल्या संघाने प्रोटेस्ट करण्याआधी दहादा विचार करावा.

झुकलेल्या शिट्टीवरचा उपाय सामन्यानंतर नाही, आधीच करावा लागतो. रेफरी कोण नेमतो हे विचारा. यजमान मंडळाचाच संघ चषकात खेळत असेल तर त्याच्या सामन्याला रेफरी दुसऱ्या तालुक्यातला हवा. कुठला सामना कुणाकडे, याची चिठ्ठी सकाळी दोन्ही कप्तानांसमोर काढावी. मानधन सामना सुरू होण्याआधी, सगळ्यांना सारखं आणि आयोजकांच्याच हातून द्यावं. संघांनी रेफरीच्या जेवणाचा किंवा येण्याजाण्याचा खर्च उचलू नये, कितीही सहज म्हणून असला तरी.

प्रोटेस्टच्या अर्जात 'सेटिंग' हा शब्द घालू नका. तो लिहिला की समिती पुरावा मागते आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. त्याऐवजी असं लिहा: 'उत्तरार्ध, १९ वं मिनिट. आमच्या १० नंबरला दुसरं पिवळं कार्ड दाखवलं असं समजून मैदानाबाहेर काढलं. पहिलं कार्ड १६ नंबरला होतं. स्कोअरशीट तपासावी.' आणि अर्ज सामन्याच्या दिवशीच द्या, फी भरून, आपल्या प्रतीवर सही आणि वेळ घेऊन.