डीबीकॉन्टेक्स्ट सिंगलटन केल्याने कनेक्शन वाचतात का?

डीबीकॉन्टेक्स्ट म्हणजे डॉटनेटच्या एंटिटी फ्रेमवर्क कोअर या डेटाबेस लायब्ररीतला, नोंदी वाचणारा आणि सेव्ह करणारा ऑब्जेक्ट; सिंगलटन म्हणजे सगळ्या ॲपसाठी तो एकच. त्याबद्दल बरीच वर्षे फिरणारा एक सल्ला असा: 'डीबीकॉन्टेक्स्ट सिंगलटन म्हणून रजिस्टर करा, नाहीतर प्रत्येक रिक्वेस्टला डेटाबेसचं नवं कनेक्शन उघडतं आणि ॲप मंदावतं.'

कनेक्शन उघडणं महाग असतं, हे खरंच आहे. म्हणून सल्ला पटतो. पण कॉन्टेक्स्ट म्हणजे कनेक्शन नव्हे. एंटिटी फ्रेमवर्क कोअर क्वेरीपुरतं कनेक्शन घेतं आणि लगेच परत करतं. ते परत जातं ड्रायव्हरच्या पूलमध्ये, म्हणजे पुन्हा वापरायला उघड्या ठेवलेल्या कनेक्शनच्या साठ्यात. एसक्यूएल सर्व्हरच्या ड्रायव्हरमध्ये हा पूल मुळातच चालू असतो, कमाल मर्यादा 100. कॉन्टेक्स्ट नवा, कनेक्शन जुनंच.

पडताळून पाहा. प्रत्येक रिक्वेस्टमध्ये कॉन्टेक्स्टचा आयडी आणि डेटाबेसचा सेशन क्रमांक (यावरून कनेक्शन ओळखता येतं) लॉग करा. एकामागून एक रिक्वेस्ट पाठवल्यात तर आयडी बदलत राहील, सेशन क्रमांक मात्र बहुधा तोच दिसेल.

सिंगलटनचं नुकसान मात्र खरं आहे. वाचलेल्या नोंदी चेंज ट्रॅकरमध्ये (नोंदींतले बदल टिपणारा कॉन्टेक्स्टचा भाग) साठत जातात, मेमरी वाढते, जुनी माहिती परत मिळते. शिवाय कॉन्टेक्स्ट थ्रेड-सेफ नाही: दोन रिक्वेस्ट एकाच वेळी आल्या की 'आधीचं काम संपण्याआधी दुसरं सुरू झालं' या अर्थाचा एक्सेप्शन येतो. त्याहून वाईट म्हणजे एकाचे अर्धवट बदल दुसऱ्याच्या सेव्हबरोबर जाऊ शकतात.

नेहमीच्या रजिस्ट्रेशनमध्ये कॉन्टेक्स्ट स्कोप्डच असतो, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टला नवा. तो तसाच ठेवा. बॅकग्राउंड सेवा सिंगलटन असेल, तर तिला कॉन्टेक्स्टऐवजी कॉन्टेक्स्टची फॅक्टरी द्या, म्हणजे लागेल तेव्हा नवा कॉन्टेक्स्ट बनवून देणारा ऑब्जेक्ट.