व्यावसायिक संघटनांमधला सभासदांचा आणि व्हॉलंटिअरांचा सहभाग

एखाद्या पेशातल्या लोकांनी, म्हणजे इंजिनिअर, डॉक्टर, वकील, अकाउंटंट, नर्स, लायब्ररियन कोणीही असोत, मिळून चालवलेल्या संघटनेत नुसती फी भरून नाव लावण्यापलीकडे किती जण खरंच काही करतात आणि ते प्रमाण वाढावं म्हणून संघटना काय करते, हा या नोंदीचा विषय. सभेला येणं, मतदान करणं, नवख्याला मेंटरिंग करणं, जर्नलला आलेले पेपर तपासणं, सर्टिफिकेशन परीक्षेचे प्रश्न काढणं, कमिटीत बसणं, चॅप्टर म्हणजे स्थानिक शाखा चालवणं, हे सगळंच यात येतं. मेंबरशिपचा आकडा आणि सहभाग या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत हे आधीच सांगितलेलं बरं, कारण वार्षिक अहवालात बऱ्याचदा पहिला आकडा दाखवून दुसरी गोष्टही झाली असं भासवलेलं असतं.

या संघटना जन्मालाच मुळात फुकट काम करणाऱ्यांच्या जोरावर आल्या, आणि लोक येत नाहीत ही तक्रारही तेवढीच जुनी आहे. लंडनची इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स 2 जानेवारी 1818 ला फ्लीट स्ट्रीटवरच्या केंडल कॉफी हाऊसमध्ये काही तरुण इंजिनिअरांनी सुरू केली, पण पहिली दोन वर्षं मेंबर काही वाढेनात. मग 1820 मध्ये त्यांनी थॉमस टेलफर्ड यांना अध्यक्ष व्हा म्हणून गळ घातली. टेलफर्ड तेव्हा रस्ते, कालवे, पूल यातलं सगळ्यात मोठं नाव, त्यामुळे लोक येणार हे उघडच होतं, पण त्यांनी नुसतं नाव दिलं नाही, ते सभांना येत राहिले, लायब्ररीला पुस्तकं दिली आणि प्रत्येकाने आपल्या कामातलं काहीतरी इथे मांडावं असा आग्रह धरला. 1828 मध्ये संस्थेला रॉयल चार्टर, म्हणजे राजाची अधिकृत सनद, मिळाला. मोठं नाव आणून गर्दी जमवणं आणि आलेल्या माणसाच्या हातात काम देणं, या दोन्ही युक्त्या आजही चालतात, फक्त हल्ली पहिलीच जास्त वापरली जाते आणि दुसरीचा विसर पडतो.

पुढे अमेरिकन मेडिकल असोसिएशन 1847 मध्ये, कॉम्प्युटरवाल्यांची एसीएम 1947 मध्ये, असं करत प्रत्येक पेशाची संघटना झाली. इलेक्ट्रिकल इंजिनिअरांची 1884 ची आणि रेडिओ इंजिनिअरांची 1912 ची अशा दोन संघटना 1963 मध्ये एकत्र येऊन आयट्रिपलई झाली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्या पेशाच्या संघटनेत असणं हे जवळपास गृहीतच धरलेलं होतं, 1950 च्या दशकात अमेरिकेतले साधारण तीन चतुर्थांश डॉक्टर आपल्या राष्ट्रीय संघटनेचे मेंबर होते. नंतर हे प्रमाण घसरत गेलं. रॉबर्ट पुटनम या राज्यशास्त्रज्ञांनी 2000 मध्ये दाखवून दिलं की अनेक व्यावसायिक संघटनांचे मेंबर आकड्यात वाढले तरी पेशातली माणसं त्याहून जास्त वेगाने वाढली, म्हणजे दर शंभरातले मेंबर कमीच झाले. एकूण आकडा वाढताना बघून कार्यकारिणीला वर्षानुवर्षं काही जाणवतच नाही.

फुकट्यांचं गणित

लोक का येत नाहीत याचं सगळ्यात गाजलेलं उत्तर अर्थतज्ज्ञ मान्सर ओल्सन यांनी 1965 मध्ये दिलं. संघटनेने पेशासाठी चांगला कायदा करून घेतला, दर्जाचे नियम ठरवले, तर त्याचा फायदा मेंबर नसलेल्यालाही तेवढाच मिळतो, मग फी भरायची कशाला आणि संध्याकाळ वाया घालवायची कशाला. त्यामुळे मोठ्या संघटनेला फक्त मेंबरलाच मिळेल असं काहीतरी द्यावं लागतं. ओल्सन यांनी उदाहरण अमेरिकन डॉक्टरांच्याच संघटनेचं घेतलं होतं, त्यांची जर्नल्स, रुग्णाने कोर्टात खेचलं तर मिळणारी मदत, अशा गोष्टी. आजच्या भाषेत मेंबर बेनिफिट्स, म्हणजे विम्यावर सूट, कोर्सवर सूट, कॉन्फरन्सचा कमी दर, जॉब बोर्ड.

हे उत्तर खरं आहे पण अर्धंच आहे, कारण यातून रिन्युअल होतं, सहभाग होत नाही. सूट मिळते म्हणून आलेला माणूस गिऱ्हाईक असतो आणि गिऱ्हाईक दरवर्षी हिशोब करतं की भरलेल्या पैशात काय मिळालं, उद्या तीच सूट बाहेर मिळाली की तो गेला. ज्याने एकदा का होईना स्टँडर्डच्या मसुद्यावर दोन ओळी सुचवल्या आणि त्या छापून आल्या, तो हा हिशोब निदान तितक्या काटेकोरपणे करत नाही. बऱ्याच संघटना बेनिफिट्सची यादी लांबवण्यात जेवढी शक्ती घालवतात तिच्या निम्मी जरी लोकांना कामं देण्यात घातली तरी चित्र वेगळं दिसेल, असं या क्षेत्रात वावरलेले लोक खाजगीत बोलतातच.

"इच्छुकांनी संपर्क साधावा"

व्हॉलंटिअर मिळवायची सगळ्यात प्रचलित आणि सगळ्यात कुचकामी पद्धत म्हणजे सगळ्या मेंबरांना एकच मेल पाठवणं, की आम्हाला विविध कमिट्यांसाठी स्वयंसेवक हवे आहेत, इच्छुकांनी संपर्क साधावा. मग उत्तरं येत नाहीत आणि पदाधिकारी म्हणतात की आजकाल कोणाला काही पडलेलं नाही. वास्तविक हे का होतं ते मानसशास्त्रात फार आधीपासून माहीत आहे. फ्रान्सचे मॅक्स रिंगेलमान यांनी दोरी ओढण्याचे प्रयोग करून 1913 मध्ये लिहिलं होतं की माणसं वाढत गेली की प्रत्येकाचा जोर कमी होत जातो. 1968 मध्ये जॉन डार्ली आणि बिब लताने यांनी दाखवलं की मदतीची हाक ऐकणारे आपण एकटेच आहोत असं वाटलं तर माणूस पटकन उठतो, आणि आणखी चारजण ऐकतायत हे कळलं की तोच माणूस थांबतो. मेल दहा हजार जणांना गेलाय हे वाचणाऱ्याला कळतंच, मग तो मनात म्हणतो की करेल कोणीतरी.

याच्या उलट ओळखीच्या माणसाने फोन करून "तुम्ही त्या दिवशी टेस्टिंगवर छान बोललात, आपल्या नव्या गाईडलाईनचा तेवढाच भाग वाचून द्याल का, आठ पानं आहेत, पंधरा तारखेपर्यंत" असं विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतात. यात नाव आहे, कारण आहे, कामाचा आकार आहे आणि शेवटची तारीख आहे, आणि नाही म्हणायचीही सोय आहे. मेलमध्ये यातलं काहीच नसतं. अशी विचारणा करायला अर्थातच कोण मेंबर काय करतो हे माहीत असावं लागतं आणि इथेच गाडी अडते, कारण डेटाबेसमध्ये फक्त पत्ता, फीची तारीख आणि दहा वर्षांपूर्वीचं पद लिहिलेलं असतं. मेंबर होताना भरायच्या फॉर्ममध्ये "तुम्हाला कशात मदत करायला आवडेल" असा रकाना असतो, लोक तो मन लावून भरतात, आणि नंतर तो कोणी उघडूनही बघत नाही. याच्याइतकं नुकसान करणारं दुसरं काही नसेल, कारण हात वर केलेल्याला कोणी विचारलंच नाही तर तो पुढच्या वेळी हात वर करत नाही.

माणूस कशासाठी काम करतो हेही एकसारखं नसतं. गिल क्लॅरी, मार्क स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये व्हॉलंटिअर लोकांच्या सहा प्रेरणा सांगितल्या, मूल्यं, शिकणं, ओळखीपाळखी, करिअर, स्वतःच्या मनातली खंत किंवा एकटेपण हलकं करणं आणि स्वतःबद्दल बरं वाटणं. संघटनेत साधारण असं दिसतं की पंचविशीतला माणूस करिअर आणि शिकण्यासाठी येतो, रिटायरमेंटजवळचा आपलं ज्ञान पुढे द्यायला येतो आणि मधल्या वयाचा, ज्याच्यामागे घर आणि ऑफिस दोन्ही असतं, तो येतच नाही. मग तिशी-चाळिशीची पिढी अलिप्त आहे असा शिक्का बसतो, पण सभा कामाच्या दिवशी संध्याकाळी सहाला ठेवल्या तर दुसरं काय होणार.

कामाचा आकार

पूर्वी व्हॉलंटिअर होणं म्हणजे कमिटीत जाणं आणि कमिटी म्हणजे दोन किंवा तीन वर्षांची टर्म, दर महिन्याला मीटिंग. अमेरिकेत नॅन्सी मॅकडफ यांनी 1990 च्या सुमारास अधूनमधून, थोड्या वेळापुरत्या होणाऱ्या स्वयंसेवेला वेगळं नाव देऊन तिच्यासाठी वेगळी व्यवस्था हवी असं मांडलं, आणि आता बऱ्याच संघटना मोठं काम फोडून लहान लहान तुकडे करतात, एखादा अर्ज तपासणं, एका वेबिनारचं सूत्रसंचालन, एका विद्यार्थ्याशी अर्धा तास बोलणं. यालाच मायक्रो व्हॉलंटिअरिंग म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं पण तुकडे करणं हेच एक मोठं काम आहे, ते कोणीतरी आधी बसून करावं लागतं, कोणाला काय दिलं त्याचा माग ठेवावा लागतो, आणि जुने पदाधिकारी बहुधा "समजावून सांगण्यापेक्षा मीच करतो" म्हणून सगळं स्वतःकडे ओढतात. मग तेच दमतात, बर्नआउट होतात आणि नव्यांना वाटतं इथे जागाच नाही.

मोठ्या संघटनांनी यावर रचनेतून उत्तर शोधलंय. आयट्रिपलईचे विद्यार्थी शाखा, स्थानिक सेक्शन, तांत्रिक सोसायट्या असे थर आहेत, एसीएममध्ये विषयवार स्पेशल इंटरेस्ट ग्रुप आहेत, त्यामुळे माणूस लाखो मेंबरांच्या समुद्रात न पडता पन्नास-शंभर जणांच्या गटात येतो जिथे तो नसला तर लोकांच्या लक्षात येतं. वरच्या रिंगेलमानच्या दोरीला खरं उत्तर हेच.

तीच ती माणसं

रॉबर्ट मिचेल्स यांनी 1911 मध्ये राजकीय पक्षांचा अभ्यास करून म्हटलं होतं की कितीही लोकशाहीवादी संघटना असली तरी सत्ता शेवटी मूठभरांकडे जाते. ज्यांना घटना पाठ आहे, बँकेत कोणाशी बोलायचं ते माहीत आहे, तेच पुन्हा पुन्हा निवडून येतात, बाकीचे एजीएमला, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेला, येत नाहीत, कोरम म्हणजे किमान हजेरी होत नाही, सभा अर्धा तास तहकूब करून त्याच जागी पुन्हा भरवली जाते. टर्मची मर्यादा घालणं हा नेहमीचा उपाय, पण खाली माणसं तयार केली नसतील तर अध्यक्ष सेक्रेटरी होतो, सेक्रेटरी अध्यक्ष होतो आणि मर्यादाही पाळली जाते.

इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणारी आयईटीएफ, 1986 पासून चालू, यात वेगळी पडते. तिथे मेंबरशिप नावाचा प्रकारच नाही, फी भरून मेंबर होता येत नाही, जो मेलिंग लिस्टवर आणि वर्किंग ग्रुपमध्ये काम करतो तो सहभागी. नेतृत्व निवडणारी त्यांची नॉमिनेटिंग कमिटी तर चक्क चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडतात, पुरेशा मीटिंगांना हजर राहिलेल्या किंवा ठरलेलं इतर काम केलेल्या आणि तयारी दाखवलेल्या लोकांतून दहा मतदार सदस्य यादृच्छिक पद्धतीने काढले जातात आणि एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त चालत नाहीत. प्रत्येक संघटनेला हे झेपेल असं नाही, पण कमिटीतल्या एक-दोन जागा तरी अशा भरून बघायला काय हरकत आहे.

बक्षीस आणि मोजमाप

व्हॉलंटिअरला काय द्यायचं यावर मतभेद आहेत. एडवर्ड डेसी यांच्या 1971 च्या प्रयोगांत दिसलं की आवडीच्या कामाला पैसे लावले की नंतर ते काम आपणहून करायची ओढ कमी होते, त्यामुळे मानधन देताना जपून. पेशाच्या चलनात दिलेलं बक्षीस जास्त चालतं. प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटचं पीएमपी सर्टिफिकेट टिकवायला 3 वर्षांत 60 पीडीयू, म्हणजे पेशात शिकत राहिल्याचे गुण, लागतात आणि त्यातले काही व्हॉलंटिअर काम करूनही मिळतात. आयट्रिपलईत फेलो ही सगळ्यात वरची मानाची श्रेणी मतदार मेंबरांच्या 0.1 टक्क्यापेक्षा जास्त लोकांना एका वर्षी देत नाहीत, म्हणून तिला वजन आहे. उलट शंभर जणांना एकच छापील सर्टिफिकेट वाटलं तर ते ड्रॉवरमध्ये जातं, त्यापेक्षा त्या माणसाच्या बॉसला दोन ओळींचं नेमकं पत्र पाठवलं तर पुढच्या वेळी सुट्टी मिळायलाही मदत होते.

मोजताना बहुतेक जण मेलचा ओपन रेट म्हणजे किती जणांनी तो उघडला, वेबिनारची हजेरी आणि रिन्युअलचं प्रमाण बघतात. त्याहून उपयोगी आकडे म्हणजे या वर्षी पहिल्यांदाच काम केलेले किती, त्यातले पुढच्या वर्षी पुन्हा आलेले किती आणि हो म्हटलेल्याला पहिलं काम मिळायला किती दिवस लागले. जेकब नील्सन यांनी 2006 मध्ये ऑनलाईन गटांसाठी 90-9-1 असा ठोकताळा मांडला, नव्वद टक्के फक्त वाचतात, नऊ टक्के कधीमधी बोलतात आणि एक टक्का बाकी सगळं करतो. संघटनांना तो जसाच्या तसा लावता येत नाही, पण गप्प वाचणारे सगळेच अलिप्त असतात असंही नाही, कित्येक जण जर्नल वाचून कामात वापरत असतात आणि त्यांना कमिटीत ओढायची गरजही नसते. फी न भरता निघून गेलेल्यांचं मात्र वेगळं, त्यांना रिमाइंडरचे पाच मेल जातात पण का सोडलंत हे विचारायला फोन क्वचितच कोणी करतं, आणि केला तर अनेकदा कळतं की नोकरी बदलली, जुन्या ऑफिसचा मेल बंद झाला आणि मेंबरशिप संपल्याचं त्यांना माहीतच नव्हतं.