हायड्रिया: तीन कानांची ग्रीक घागर

ग्रीकमध्ये पाणी म्हणजे हुदोर, त्यावरून हायड्रिया, म्हणजे सरळ पाण्याची घागर. ओळखायची खूण तिचे तीन कान. दोन बाजूंना आडवे, भरलेली घागर दोन्ही हातांनी उचलायला, आणि तिसरा मागे उभा, ओतताना धरायला. हे नाव त्या लोकांचंच आहे बरं का, इ.स.पू. ५७०च्या सुमाराचं फ्रांस्वा व्हाज नावाचं मोठं भांडं फ्लॉरेन्सला आहे, त्यावर घोड्याखाली पडलेली एक घागर काढलीय आणि शेजारी चक्क 'हायड्रिया' असं लिहिलंय.

मला सगळ्यात आवडतात त्या इ.स.पू. ५२० ते ५०० च्या काळ्या आकृत्यांच्या अथेन्सच्या घागरी. त्याच्या थोडं आधी तिथे पायसिस्ट्रॅटस या हुकूमशहाची, आणि मग इ.स.पू. ५१० पर्यंत त्याच्या मुलांची सत्ता होती, त्यांनी शहरात पाणी खेळवलं, नऊ तोंडांचा एक पाणवठा बांधला, आणि नेमकी त्याच सुमाराला घागरींवर पाणवठ्याची चित्रं यायला लागली. सिंहाच्या तोंडातून धार पडतेय, खाली घागर लावलीय, बायका रांगेत गप्पा मारतायत. डोक्यावर चुंबळ, त्यावर रिकामी घागर आडवी आणि भरलेली उभी, इतकं बारीक निरीक्षण आहे की कोण येतंय आणि कोण परत चाललंय ते लगेच कळतं! या दासी की घरंदाज बायका, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

रोजच्या पाण्याला साध्या, बिनचित्रांच्या घागरी असायच्या. रंगवलेल्या बऱ्याचशा इटलीत गेल्या, तिथल्या एट्रुस्कन लोकांनी हौसेने घेतल्या आणि थडग्यात ठेवल्या, म्हणून तर व्हुल्चीसारख्या ठिकाणी त्या एवढ्या धड सापडल्या. पुढे लाल आकृत्यांची पद्धत आली, मान आणि पोट एकाच वळणात उतरणारा काल्पिस हा गोलसर प्रकार आला, चित्रकारांना त्यावर सलग जागा मिळाली.

आणि शेवटी तीच घागर अस्थिकलश झाली. इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या अशा कितीतरी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या हाद्रा स्मशानात मिळाल्या, बहुतेक क्रीट बेटावर घडवलेल्या, आत राख, आणि काहींवर शाईने लिहिलेलं गेलेल्या माणसाचं नाव.