खाऱ्या तळ्याच्या गाळाचं वय काढायची भानगड कुठून सुरू झाली

ऐरोलीत राहायला आल्यावर एक शब्द नव्याने कळला. इथली जुनी मंडळी मीठ बनवतात असं म्हणत नाहीत, पिकवतात म्हणतात. आमच्या मजल्यावरच्या आजी आगरी, माहेरी मिठागर होतं, आणि आगरी हा शब्दच मुळात आगरावरून आलेला. त्या सांगतात की खाडीचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात असं फिरवत न्यायचं, उन्हाने ते दाट होत जातं आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं. केमिस्ट्रीत बघितलं तर आधी चुन्यासारखे क्षार बसतात, मग जिप्सम, आणि समुद्राचं पाणी आटून साधारण एक दशांश उरलं की खायचं मीठ.

आता हे वाफे एकावर एक रचल्यासारखे डोळ्यासमोर आणा, म्हणजे झाला खाऱ्या तळ्याचा तळ. नदी आत येते पण बाहेर जात नाही असं तळं, पाऊस बरा असेल तेव्हा नुसता चिखल साठतो, पाऊस हटला की जिप्सम, पार आटलं की मिठाचा थर. म्हणजे पावसाची वही तयारच आहे, फक्त पानांवर तारीख नाही. सगळी मारामारी त्या तारखेसाठी.

पहिली आयडिया धूमकेतूवाल्या हॅलीची. १७१५ साली त्याने मांडलं की अशा तळ्यांमधे दरवर्षी थोडं मीठ वाढतंच, तर आज मोजा, काही शतकांनी परत मोजा, फरकावरून जगाचं वय निघेल. ग्रीक-रोमन लोकांनी तेव्हाच मोजून ठेवलं असतं तर बरं झालं असतं, अशी हळहळही व्यक्त केली आहे बिचाऱ्याने. १८९९ मधे जॉन जोली या आयरिश शास्त्रज्ञाने समुद्रावर हाच हिशोब करून आठ-नऊ कोटी वर्षं काढली, ती साफ चुकली कारण समुद्रातलं मीठ बाहेरही पडत असतं.

आपल्याकडे आधी वाद होता तो वयाचा नाही, मीठ आलं कुठून याचा. सांभरसारख्या राजस्थानातल्या तळ्यांचं मीठ कच्छच्या रणातून नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर उडून येतं असं हॉलंड आणि ख्रिस्टी यांनी १९०९ मधे मांडलं, त्यावर पुढे बरीच वर्षं भांडणं झाली.

खरं घड्याळ मिळालं १९४९ मधे, अमेरिकन केमिस्ट लिबीच्या रेडिओकार्बनमुळे. झाड किंवा प्राणी मेला की त्यातला कार्बन-१४ दर ५७३० वर्षांनी निम्मा होतो, साधारण ५० हजार वर्षांपर्यंत मोजता येतो. आणि हे काम आपल्या इथेच चालायचं बरं का, कुलाब्याच्या टीआयएफआरमधे (टाटा मूलभूत संशोधन संस्था) १९६० च्या दशकात रेडिओकार्बन लॅब होती, तिथल्या सॅम्पलना टीएफ नंबर असायचा, नंतर ती मंडळी अहमदाबादच्या पीआरएल या भौतिकी संशोधन संस्थेत गेली.

पण खारं तळं इथेही दगा देतं. पाण्यात खडकातून विरघळलेला जुना, मेलेला कार्बन असतो, शेवाळं तोच खातं, आणि मग कालचा चिखल हजार वर्षं म्हातारा निघू शकतो. म्हणून अख्खा चिखल जाळून वय काढण्यापेक्षा काठावरून वाहून आलेलं पान, बी, लाकडाची काडी असं काही शोधतात, आणि नेमकं खाऱ्या तळ्यात ते फार मिळत नाही. मग वाळूच्या कणांना शेवटचं ऊन कधी लागलं ते ल्युमिनेसन्सने बघा, नाहीतर क्षारातल्या युरेनियमचं किती थोरियम झालं ते मोजा. मृत समुद्रात २०१०-११ ला खोल ड्रिलिंग झालं तेव्हा युरेनियम-थोरियम कामी आलं, तिथे सुमारे दोन लाख वर्षांचा गाळ आहे.

तारीख हलली की गोष्ट कशी उलटते याचं उदाहरण राजस्थानातच आहे. गुरदीप सिंग यांनी सांभर, डिडवाना, लुणकरणसरच्या गाळातले परागकण मोजून १९७१ आणि १९७४ मधे मांडलं की हडप्पा संस्कृती पावसाच्या चांगल्या काळात फुलली आणि तो गेल्यावर ओसरली. छान, पटणारी गोष्ट, पाठ्यपुस्तकात शोभेल अशी. पण रेडिओकार्बनची वर्षं आणि आपली कॅलेंडरची वर्षं एक नसतात, झाडांच्या वलयांशी ती जुळवून घ्यावी लागतात. १९९९ मधे एन्झेल आणि सहकाऱ्यांनी लुणकरणसरचा गाळ परत तपासला तर तळं रेडिओकार्बनच्या सुमारे ४८०० वर्षांपूर्वी, म्हणजे कॅलेंडरच्या साधारण साडेपाच हजार वर्षांपूर्वीच आटलेलं निघालं. हडप्पाची मोठी शहरं साधारण ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीची. म्हणजे तळं कोरडं पडल्यावर शहरं उभी राहिली! आता बोला. एका तळ्यावरून अख्ख्या सिंधूच्या खोऱ्याचा पाऊस ठरवू नये हे खरंच, पण ती जुनी सरळ गोष्ट काही तशी उरली नाही.

आणि आपलं लोणार. जून २०२० मधे पाणी गुलाबी झालं तेव्हा फोटो सगळ्यांनी फॉरवर्ड केले, पण कामाची गोष्ट तळाशी आहे. तिथल्या साधारण १० मीटरच्या कोअरमधे, म्हणजे तळात नळी घालून काढलेल्या गाळात, ११ हजार वर्षांचा पाऊस वाचता आला. त्यात गेल्युसाइट नावाचे स्फटिक सापडतात, सोडियम आणि कॅल्शियमचे, पाणी फार आटून दाट झालं तरच धरणारे. ते दोन काळात जास्त दिसले, ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी आणि मग २००० ते ६०० वर्षांपूर्वी. पहिल्या काळाचे आकडे परत बघा, हडप्पाच्या शहरांचेच आहेत. खुद्द विवराचं वय मात्र एका पद्धतीने ५२ हजार वर्षं येतं, आणि खडकातल्या आर्गॉन वायूवरून २०११ मधे केलेल्या मोजणीत ५ लाख ७० हजार.

आजींना हे सगळं सांगितलं तर त्या म्हणाल्या, मीठ कधी धरलं ते वाफ्याकडे बघून कळतं की रे, त्यात काय एवढं.