दोन आण्यांची जमीन: सोलापूरच्या माळरानामागचा इतिहास

सोलापूरकडे जमिनीची चौकशी करताना दोन गोष्टी आधी विचारतात: पाणी आहे का, आणि रान काळं आहे का माळ. माळ म्हटलं की भाव पडतो. सातबाऱ्यावर त्यातला बराच तुकडा पोटखराब्यात, म्हणजे लागवडीला अयोग्य क्षेत्रात, गेलेला असतो, गावाच्या दप्तरात गायरान किंवा पडीक म्हणून. हा हिशोब जवळपास दोनशे वर्षांपूर्वी बसवला गेला. तो समजून घ्यायचा तर आधी मातीखालचा खडक बघावा लागतो.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. आज तो काळा पाषाण सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर आहे. सह्याद्रीत त्याची जाडी जास्त, पूर्वेकडे ती उतरत जाते. सोलापूर या उतरत्या बाजूला. इथून पुढे कलबुर्गीकडे गेलं की काळा पाषाण संपतो आणि चुनखडक लागतो. आपल्याकडच्या जुन्या घरांतली शहाबादी फरशी त्याच पट्ट्यातली. लाव्ह्याच्या प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र, लवकर झिजणारा. मधला घट्ट आणि चिवट. वरचं झिजून गेलं की घट्ट थर सपाट उघडा पडतो. सोलापूरचे माळ एवढे पसरट दिसतात ते त्यामुळे.

या खडकात गारेचा (क्वार्ट्झचा) अंश फार कमी, चुना, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर. त्यामुळे तो कुजतो तेव्हा वाळू कमी आणि चिकणमाती जास्त तयार होते. ही चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. बारीक कण पावसाच्या पाण्याबरोबर खाली सखलात उतरत राहिले आणि भीमा, सीना, माण यांच्या काठांना खोल काळी जमीन झाली. माथ्यावर उरली भरड, तपकिरी, खड्यांची माती. मंगळवेढ्याची ज्वारीची काळी आणि सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ एकाच खडकाच्या पोटचे आहेत; फरक उताराचा. माळाला ‘बिघडलेली काळी’ समजण्याची चूक नेमकी इथे होते.

रस्त्यासाठी माळ कापलेला असतो तिथे थांबून बघण्यासारखं असतं. वर वीतभर माती, तिच्यात गवताच्या मुळांचं दाट जाळं. त्याखाली मुरूम. त्यात गोल दगड अडकलेले, आणि नखाने खरवडलं तर कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे. सांध्यांमध्ये पांढऱ्या चुन्याच्या रेघा, कुठे चुनखडीच्या गाठी. मग अखंड खडक. पावसाच्या पाण्यात विरघळलेला चुना कोरड्या हवेत खोलवर वाहून जात नाही, मुरमातच साकळतो. त्यामुळे या मातीचा सामू (पीएच) 8 च्या आसपास जातो, आणि लोह खडकात मुबलक असूनही पिकाला ते मिळायला अडचण होते. सेंद्रिय कर्ब आणि नत्र कमीच.

जिल्ह्याचा पाऊस वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर, सांगोल्याकडे त्याहून कमी, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. वीतभर मातीत पिकाला घेता येईल असं पाणी फार तर 25-30 मिलिमीटर मावतं. ऊन असेल तर ते आठवडाभरात संपतं. खरिपात मध्येच पावसाने ताण दिला की माळावरची बाजरी माना टाकते. गवत टाकत नाही. पवन्यासारखी बहुवर्षायू गवतं मुळं मुरमाच्या सांध्यांत सोडून, वरचा भाग वाळवून पडून राहतात. कुसळीचं बी तर स्वतःच जमिनीत शिरतं: त्याच्या टोकाच्या लांब कुसाला पीळ असतो, ओल लागली की तो उलगडतो आणि बी भेगेत ढकलतो. मेंढ्यांच्या लोकरीत आणि आपल्या धोतर-पायजम्यात शिरायचं तंत्रही हेच.

आता कागदाकडे. 1835 च्या सुमारास शेजारच्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी नव्या पद्धतीची जमीन मोजणी सुरू केली. पाठोपाठ ती सोलापूरकडे आली, आणि 1847 च्या संयुक्त अहवालात तिचे नियम पक्के झाले. शेतात खड्डे घ्यायचे, मातीचा रंग आणि पोत बघायचा, खोली हातांत मोजायची आणि प्रत आण्यांत ठरवायची. पावणेदोन हात खोल, एकसारखी, काळी जमीन सोळा आण्यांची, म्हणजे पूर्ण रुपयाची. तिथून प्रती उतरत जाऊन शेवटची दोन आण्यांची. त्यातही दोष धरायचे: चुनखड, वालसर (वाळूमिश्रित), उतार, उपळवट (झऱ्याच्या पाण्याने ओलसर). दोष असेल तर प्रत आणखी खाली.

निरीक्षण म्हणून ही पद्धत कमालीची नेमकी होती. पण मोजमाप एकाच कामासाठी होतं, नांगर चालून सारा किती निघेल. माळाच्या अंगी चुनखड, उतार आणि उथळपणा जन्मतःच, म्हणजे तो परीक्षेला बसायच्या आधीच नापास. धनगराची मेंढरं आणि खिल्लार जनावरं त्यावर पोसली जात होती, त्यासाठी आण्यांच्या कोष्टकात रकाना नव्हता. पुढे लोकसंख्या वाढली तसा दोन आण्यांचा माळही नांगराखाली आला.

1876-78 च्या दुष्काळाने आणि त्यानंतरच्या दुष्काळांनी सरकारला इथल्या मातीकडे बघायला लावलं. 1933 मध्ये सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं. पावसाबरोबर किती पाणी आणि किती माती वाहून जाते हे प्लॉट आखून मोजण्याचं काम देशात अगदी सुरुवातीला जिथे झालं त्यातलं हे एक ठिकाण. 1942 च्या जमीन सुधारणा कायद्यानंतर मुंबई इलाख्यात बांधबंदिस्तीला जोर आला. 1972 च्या दुष्काळात पाझर तलाव, नालाबांध आणि खडी फोडण्याच्या कामांवर माणसं जगली.

पुढचा टप्पा अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाचा. सत्तरच्या दशकात नान्नज परिसरात माळाचे काही प्लॉट चराईपासून राखले गेले. फार काही करावं लागलं नाही. जनावरं थांबली, गवत उभं राहिलं आणि माळढोक तिथे ठळकपणे दिसू लागला. हा पक्षी बहुधा एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर. त्याला लांबवर नजर जाईल असा मोकळा माळच लागतो. 1979 मध्ये अभयारण्य जाहीर झालं, कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं. त्यात गावंच्या गावं आल्याने तंटे झाले आणि पुढे ते सुमारे 1,200 चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. दरम्यान ‘ओसाड माळ हिरवा करायचा’ म्हणून गिरिपुष्प या झाडाची लागवड आणि चर खोदाईही झाली. वीतभर मातीत चर घेतला म्हणजे खालचा मुरूम वर येतो आणि वरची माती गाडली जाते, हे कोणी ध्यानात घेतलं नाही.

माळाला भाव आला तो डाळिंबामुळे. काळ्या जमिनीत पाणी साचून डाळिंबाला मर लागते. मुरमात निचरा आपोआप होतो. सांगोल्याकडे मुरूम फोडून खड्डे घेतले, तलावातला गाळ भरला, ठिबक बसवलं आणि भगवा या डाळिंबाच्या वाणाच्या बागा उभ्या राहिल्या. 2005 मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही सोलापुरातच आलं. आज मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे आणि सोलापूरच्या डाळिंबालाही. एक सोळा आण्यांच्या काळीवरचं, दुसरं बरंचसं त्या कोष्टकाच्या तळाच्या जमिनीतलं.

डाळिंबाला पाणी मात्र बाहेरून आणावं लागतं, आणि तेल्या या जिवाणूजन्य रोगाने अनेक बागा उपटल्याही गेल्या. उपटलेल्या बागेत पवन्या लगेच परत येत नाही. मुळं धरायला लागणारे सांधे यंत्राने आधीच फोडलेले असतात, वरची माती गाळात मिसळलेली असते. पहिली काही वर्षं तिथे तणच माजतं.