रोज स्कॅन होतो म्हणजे अडॅप्टिव्ह रेडिएशन असतं असं नाही

गर्भाशयमुखाचा किंवा प्रोस्टेटचा कॅन्सर असला की हल्ली रेडिएशन द्यायच्या आधी मशीनवरच एक छोटा स्कॅन काढतात, आणि तो बघून घरचे धरून चालतात की आपल्या पेशंटला अडॅप्टिव्ह, म्हणजे त्या दिवसाच्या स्थितीप्रमाणे प्लॅन बदलणारं रेडिएशन चालू आहे. बहुतेक वेळा ते आयजीआरटी (इमेज गाइडेड, म्हणजे स्कॅन बघून नेम धरून दिलेलं रेडिएशन) असतं. म्हणजे आजचा स्कॅन प्लॅनिंगच्या सीटीवर ठेवून बघायचा, जुळत नसेल तर टेबल थोडं सरकवायचं आणि प्लॅन मात्र पहिल्या दिवशीचाच.

गोची अशी की ओटीपोटात हाडं जागेवर असतात, आतलं काही स्थिर नसतं. मूत्राशय भरलं की गर्भाशय हलतं, गुदाशयात गॅस असला की पुढचं सगळं सरकतं. टेबल गर्भाशयाला जुळवलं तर हाडांलगतचे लिम्फ नोड सुटतात, हाडांना जुळवलं तर गर्भाशय सुटतं, मग डॉक्टर भोवती मार्जिन (हलण्यासाठी सोडलेली जादा जागा, तिलाही रेडिएशन मिळतं) जास्त ठेवतात आणि त्यात आतडं, मूत्राशय सापडतं, जुलाब न् लघवीची जळजळ बरीचशी तिथूनच येते. लघवी करून या, मग इतकं पाणी पिऊन थांबा, असं सांगतात खरं, पण कल्याणहून लोकलने परळला आलेल्या बाईचा नंबर तासभर लांबला तर मूत्राशय रोज सारखं भरणार कसं?

अडॅप्टिव्हमध्ये पेशंट टेबलवर असतानाच आजच्या स्कॅनवर अवयव परत आखतात, डोसचा प्लॅन नव्याने बनतो, तो तपासतात, मगच बीम चालू. मार्जिन कमी ठेवता येतं. पण वेळ लागतो, आणि तेवढ्यात मूत्राशय भरतच असतं (हे ब्रोशरमध्ये कोणी लिहीत नाही), म्हणून बीमच्या आधी परत एकदा बघावं लागतं. याचाच स्वस्तातला भाऊ म्हणजे कमी-जास्त भरलेल्या मूत्राशयाचे दोन-तीन प्लॅन आधीच करून ठेवायचे आणि त्या दिवशी बसेल तो घ्यायचा.

तरी आयजीआरटीला कमी समजू नका. टाटा मेमोरियलच्या पार्सर ट्रायलमध्ये गर्भाशयमुख कॅन्सरच्या ऑपरेशननंतर रेडिएशन घेणाऱ्या 300 बायका होत्या, आणि 2021 मध्ये आलेल्या निकालात आतड्याचा मध्यम किंवा त्याहून जास्त असा उशिरा होणारा त्रास 3 वर्षांत इमेज गाइडेड आयएमआरटीमध्ये (डोस हव्या त्या भागाच्या आकाराप्रमाणे बसवणारी पद्धत) 21.1 टक्के तर जुन्या थ्रीडी पद्धतीत 42.4 टक्के निघाला. हा फरक प्लॅन रोज न बदलता मिळालाय, त्यामुळे अडॅप्टिव्ह नाही म्हणून ट्रीटमेंट लांबवणं मला तरी पटत नाही.

ओपीडीत विचारायचंच असेल तर सरळ विचारा, स्कॅन बघून तुम्ही टेबल हलवता की प्लॅन बदलता, आणि आमच्या केसमध्ये बदलायची गरज आहे का.